आधी पत्ता, मग कार्ड

पत्र असं आलंय:

"ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. दिवाळीला नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन येते (एक सात वर्षांचा, एक अकराची), जाऊबाई खालच्याच मजल्यावर, शिवाय शेजारच्या दोन मैत्रिणी. मागच्या दिवाळीत मी हौसेनं सगळ्यांना हातानं ग्रीटिंग कार्डं करायला बसवलं. सात-आठशेचं सामान आणलं. तासाभरात मुलं मोबाईलवर, नणंद युट्यूब लावून एकटीच देखणं कार्ड करत बसली, माझी नववीतली लेक बोअर होतंय म्हणून उठली, सासूबाई म्हणाल्या एवढा कागदाचा कचरा कशाला गं, आणि चहा, फराळ, आवराआवर सगळं माझ्या गळ्यात. वर ती कार्डं वाळल्यावर पापडासारखी वाकडी झाली. कुणाला दिलीच नाहीत, ड्रॉवरमध्ये पडलीत. यंदा परत करावंसं वाटतंय पण धीर होत नाही. एक मैत्रीण म्हणते आपण विकायलाच करूया. काय करू?"

करा की! धीर कसला व्हायचाय त्यात. पण एक सांगते, तुमच्या एवढ्या पत्रात सामान किती रुपयांचं होतं ते आहे, कोण उठून गेलं ते आहे, सासूबाई काय म्हणाल्या तेही आहे, फक्त ती कार्डं कुणाला द्यायची होती ते कुठंच नाही. आणि माझ्या मते सगळा घोळ तिथंच झालाय. दिवाळीची कार्डं दिवाळीच्या सुट्टीत करायला बसलात म्हणजे ती वाळेपर्यंत भाऊबीज होऊन गेली, मग द्यायची कुणाला आणि कशाला. ज्याला जायला ठिकाण नाही असं कार्ड करताना मुलांचं मन कसं रमणार सांगा बरं, मोठ्यांचंही नाही रमत.

म्हणून यंदा दिवाळीला जमाल तेव्हा संक्रांतीची कार्डं करा. १४ जानेवारीपर्यंत (एखाद्या वर्षी १५ असते) हाताशी दोन महिने राहतात. आणि पहिल्या दिवशी कात्री, गोंद, रंग यातलं काहीही बाहेर काढू नका. पहिल्या दिवशी फक्त पाकिटांवर पत्ते. हो, आधी पत्ते! प्रत्येकानं तीन-चार माणसं सांगायची, ज्यांना आपलं कार्ड मिळालं तर बरं वाटेल अशी. सात वर्षांचा पोरगा त्याच्या बाईंचं नाव सांगेल, नणंद जुन्या शाळेतल्या मैत्रिणीचं सांगेल, सासूबाई कदाचित म्हणतील मला कुणाला पाठवायचंय आता, मग त्यांना त्यांच्या बहिणीची आठवण करून द्या. आणि मुलं मोबाईलवर असतात ना, असू देत, त्याच मोबाईलवरून मामाला, आत्याला फोन करून पूर्ण पत्ता विचारायचं काम त्यांचं. घर नंबर, गल्ली, पिन कोडसकट. आजकाल कुणाचाच पत्ता कुणाला पाठ नसतो, सगळं लोकेशनवर चाललंय, त्यामुळं हे काम वाटतं तेवढं सोपं नाही आणि म्हणूनच मुलांना त्यात मजा येते. सासूबाईंच्या जुन्या डायरीतल्या पत्त्यांना पिन नसला तर नवल नको, पिन कोड आलाच मुळात १५ ऑगस्ट १९७२ ला. अकरा वर्षांच्या पोरीला हेही सांगा की आपला ४१६ एकट्या कोल्हापूरचा नाही, सांगलीचाही ४१६ नं सुरू होतो आणि सावंतवाडीचाही, ती बघा सगळ्यांचे पिन तपासत बसते की नाही.

एकदा पाकिटावर नाव पडलं की काम आपोआप वळणावर येतं. "कार्ड करूया" म्हटलं की पोरं विचारतात कसलं, "शिंगणापूरच्या आजीचं कार्ड राहिलंय" म्हटलं की विचारत नाहीत.

आता वाकड्या कार्डांचं. तुम्ही गोंद म्हणून पांढरा फेव्हिकॉल वापरला असणार आणि कागद साधा, झेरॉक्सचा नाहीतर पातळ रंगीत. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं, ते कागदात शिरलं की तंतू फुगतात, आणि वाळताना एक बाजू आखडते, दुसरी नाही, झालं वाकडं. कार्डासाठी २५० जीएसएमच्या आसपासचा कार्डशीट घ्या, दुकानात आयव्हरी म्हणूनही मिळतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम ते, झेरॉक्सचा कागद ७० ते ८० असतो म्हणजे यातला फरक लक्षात येईल. चिकटवायला फेव्हिस्टिक नाहीतर डबल साइड टेप. फेव्हिकॉलच वापरायचा तर थेंब थेंब पिळू नका, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं अगदी पातळ ओढा, आणि लगेच दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जाडजूड पुस्तकं रचून रात्रभर सोडा. पंख्याखाली वाळवायचं नाही. सगळे तेच करतात आणि मग म्हणतात कागदच खराब होता.

दुसरी एक गोष्ट युट्यूबवाले धड सांगत नाहीत, ती म्हणजे कागदाचा रोख. मशीनवर तयार झालेल्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं झोपलेले असतात. कार्डशीट हातात घ्या, घडी न घालता नुसता हलकेच वाकवा, आधी उभा मग आडवा. एका बाजूनं तो मुकाट वाकतो, दुसऱ्या बाजूनं अडतो. ज्या बाजूनं मुकाट वाकला तिकडं घडी घालायची. उलट घातली की घडीवर कागद फुटतो, बारीक पांढऱ्या रेषा दिसतात, गडद रंगाच्या कागदावर तर फारच वाईट दिसतं. आणि घडी घालायच्या आधी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेननं एक रेघ दाबून ओढायची, शाई नसलेल्या, मग घडी सरळ पडते. हे काम नववीतल्या लेकीला द्या. स्टीलची पट्टी आणि कटर तिच्याच ताब्यात (प्लॅस्टिकची पट्टी नको, कटर पट्टीलाच खातो आणि घसरतो), खाली जुना पुठ्ठा. बोअर होतंय म्हणणाऱ्या पोरांना खरं तर सोपं काम दिलेलं असतं म्हणून बोअर होतं, जरा जोखमीचं आणि नेमकं काम दिलं की बघा.

मापाचं एकच ध्यानात ठेवा. ए-फोर कार्डशीट मधोमध कापला की दोन तुकडे, प्रत्येकाची घडी घातली की पोस्टकार्डापेक्षा जरासंच मोठं, साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरचं कार्ड. म्हणजे चोवीस माणसांना बारा शीट पुरे. सात-आठशेचं सामान लागतच नाही ओ. कोपऱ्यावरच्या पत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये विचारलंत तर कटिंगचे तुकडे मिळतात, चांगल्या जाड कागदाचे, बऱ्याचदा फुकट. आणि सगळ्यात मोठा खजिना घरातच आहे. सासूबाईंनी जपून ठेवलेल्या लग्नपत्रिका! त्यावर सोनेरी गणपती असतो म्हणून कुणी टाकत नाही आणि ठेवून करायचं काय तेही कळत नाही, अशा गठ्ठे बांधलेल्या प्रत्येक घरात असतात. कचरा म्हणणाऱ्या सासूबाईंना "तुमच्या पत्रिका काढा, त्यातले गणपती कापून कार्डावर लावूया" असं म्हणून बघा. त्या गठ्ठ्यात कुणाचं लग्न कुठल्या कार्यालयात झालं, जेवणात काय होतं, कोण रुसलं होतं, सगळं निघतं, कार्डं राहतात बाजूला आणि तासभर कसा जातो कळत नाही.

हातकागद हौसेनं आणणार असाल तर पुण्यातल्या शिवाजीनगरची हातकागद संस्था जुनी, १९४० पासूनची. सुती चिंध्यांपासूनचा कागद, लाकडाचा नव्हे. स्पर्श सुंदर, पण शाई पसरू शकते, म्हणून आधी कोपऱ्यात पेन टेकवून बघायचं. मुलांच्या हातात पहिल्याच दिवशी देऊ नका, महाग पडतं आणि मग आपण ओरडत बसतो.

नक्षीचं म्हणाल तर संक्रांतीला नक्षी शोधायला लांब जायला नको. काळी चंद्रकळा आणि पांढरा हलवा, बास. काळा कार्डशीट, पांढरं जेल पेन, आणि त्यावर ठिपक्यांची रांगोळी. इथं सासूबाईंशिवाय पान हलायचं नाही. सात ठिपके सात ओळी, दोन ठिपक्यांत एक सेंटिमीटर अंतर ठेवलं की सहा सेंटिमीटरचा चौक होतो, कार्डावर बरोबर मध्ये बसतो आणि चारी बाजूंना ऐसपैस जागा राहते. लेकीनं पट्टीनं पेन्सिलीचे बारीक ठिपके द्यायचे, सासूबाईंनी ते जोडायचे. त्यांचा हात थरथरत असेल तर जेल पेन सोडा, पोस्टर कलरमध्ये इअरबड बुडवून नुसते ठिपके देऊ देत, हलव्यासारखे टपोरे दिसतात आणि ते थोडे वाकडे पडले तरच बरे दिसतात. माझं तर म्हणणं आहे तुमच्या सगळ्या कार्डांत हीच कार्डं लोक फ्रीजवर लावून ठेवतील, नणंदेची युट्यूबवाली नाहीत.

आता नणंद. तिच्यावर तुमचा जरा राग दिसतो, पण एक लक्षात घ्या, ती माहेरपणाला आलीय. वर्षभरात तिला कुणी हाक न मारता दोन तास एका जागी बसायला मिळतात ते तुमच्याच घरी. बसू दे तिला. तिच्याकडून मदतीची अपेक्षा असेल तर ती आधी, स्पष्ट आणि एकच सांगा, उदाहरणार्थ "वन्सं, पत्ते घालायच्या आदल्या दिवशीच पाकिटं सगळी तुम्ही करायची." देखणं काम करणाऱ्या माणसाला असं मापाचं, जोडणीचं काम आवडतं. मुलांसमोर मात्र तिच्या कार्डाचं फार कौतुक करू नका. सात वर्षांच्या पोरानं आईचं कार्ड बघितलं की त्याला स्वतःचं घाण वाटायला लागतं आणि मग मोबाईल. त्याला भेंडी द्या. देठाकडचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा, कापलेली बाजू फडक्यानं कोरडी पुसायची नाहीतर चिकट पाण्यानं रंग फिसकटतो, मग स्पंजवर पोस्टर कलर घेऊन त्यावर भेंडी टेकवायची, वाटीत बुडवायची नाही. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. तो एका बैठकीत घरातले सगळे कागद फुलांनी भरून टाकेल, रद्दी पेपर आधीच अंथरून ठेवा. अकरा वर्षांच्या पोरीला खाकी कव्हरचा उरलेला कागद द्या, जूनमध्ये वह्यांना घालून उरलेला असतोच. त्याची कोल्हापुरी चप्पल कापायची, कडेनं पंच मशीननं भोकं, त्यातनं लोकरीचा धागा ओवायचा आणि पट्ट्यावर लाल गोंडा. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना असलंच पाठवा, कोल्हापूरचं आलंय हे पाकीट उघडताच कळलं पाहिजे. फक्त गोंडा चपटा करा, पोस्टात तो जाडजूड राहत नाही.

चहा-फराळाचा भार तुमच्या एकटीवर आला त्याला उपाय साधा आहे, काम संपेपर्यंत फराळ नाही. हे मी कंजूषपणानं म्हणत नाही. चकली, शेव, भडंग हाताला लागलं की कागदावर तेलाचा डाग पडतो, तो कशानंही निघत नाही आणि त्याच्यावर पेन चालत नाही. म्हणून ताट दुसऱ्या खोलीत, हात धुवून मगच टेबलावर. चहा जाऊबाईंकडं, खालच्या मजल्यावर. सगळ्यांनी उतरून जायचं, टेबल तसंच राहू दे. आवरायचं काम मैत्रिणींचं, असं बोलावतानाच सांगून टाका, मैत्रिणींना वाईट वाटत नाही, आपल्यालाच सांगायला जड जातं.

आत काय लिहायचं हा प्रश्न हमखास येतो, आणि "मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा" लिहून सगळे मोकळे होतात. ते तर व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सहापासून येतंच की. एक खरी बातमी लिहायला लावा प्रत्येकाला. "आमच्या कुंडीतल्या मोगऱ्याला या वर्षी फुलंच आली नाहीत", "दादाला चष्मा लागला", एवढं चालतं. मोठ्यांना लिहिताना वर 'ती.' (तीर्थरूप) आणि 'सा. न. वि. वि.' (साष्टांग नमस्कार विनंती विशेष) लिहायला सासूबाईंनी शिकवावं, मुलांना ते कोडं सोडवल्यासारखं वाटतं. आणि हे लिहिणं नक्षीच्या आधी झालं पाहिजे, कारण पुढं गणपती-बिणपती चिकटवला की मागं पेन उड्या मारतं. काळ्या कार्डात आत साध्या पेननं लिहिता येत नाही, तिथं पांढरा पातळ कागद कार्डापेक्षा अर्धा सेंटिमीटर लहान कापून त्यावर लिहायचं आणि मग तो आत चिकटवायचा. बिघडलं तर फक्त तो कागद बदलायचा, सासूबाईंची रांगोळी वाया जात नाही.

पोस्टाचं वजन घाबरण्यासारखं नाही. २५० जीएसएमचं असं एक कार्ड आठ ग्रॅमच्या आत भरतं, वर साध्या कागदाचं पाकीट पाचाच्या आत, म्हणजे साध्या टपालाच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात सहज बसतं. खडे, आरसे, शंख लावलेत की ते गणित बिघडतं आणि पोहोचेपर्यंत निम्मे गळतात. पूर्वी पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून पाठवायचे, तुम्हालाही मोह होईल, पण शिक्के बसून त्याचा चुरा होतो, मुंग्या वेगळ्याच, त्यामुळं हलवा जी कार्डं हातानं द्यायची त्यातच ठेवा. गावाबाहेरची १ जानेवारीच्या आसपास पेटीत पडली पाहिजेत, गावातली नंतर चालतात. मुलं दिवाळी संपली की आपल्या गावी जाणार, त्यांची कार्डं त्यांच्यासोबतच द्या, तिथल्या पेटीत त्यांच्या हातानं पडू देत.

मैत्रिणीच्या विक्रीचं. हरकत नाही, पण या बैठकीत नको. विकायचं म्हटलं की सात वर्षांच्या पोराची भेंडी बाजूला सारावी लागते आणि घरात लगेच हे नको ते नको सुरू होतं. तिला करायचंच असेल तर ग्रीटिंग कार्डात पडू नका असं सांगा, घरची सोडली तर कोण घेणार. आहेराची पाकिटं करा. ती प्रत्येक घरात लागतात, आयत्या वेळी मिळत नाहीत आणि बाजारातली सगळी चकचकीत एकसारखी असतात. माप मी देते: पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब आणि ६.६ रुंद, सध्या चालणाऱ्या बाकीच्या नव्या नोटा लांबीला तिच्यापेक्षा कमी, त्यामुळं पाकीट १७ बाय साडेआठ ठेवलं की कुठलीही नोट न दुमडता जाते. ए-फोर कागदाच्या २१ सेंटिमीटरच्या बाजूला १७ पाकिटाची रुंदी आणि दोन्हीकडं दोन-दोन चिकटवायला, बरोबर बसतं. उंचीला पुढची बाजू साडेआठ, मागची आठ, वरची झडप चार, म्हणजे साडेवीस. खाली नऊ सेंटिमीटरची पट्टी उरते, तिच्यात बुकमार्क किंवा भेटवस्तूला बांधायच्या चिठ्ठ्या होतात. झडपेवर रुपयाचं नाणं डबल साइड टेपनं लावायचं, फेव्हिकॉलनं लावू नका, नंतर नाणं निघत नाही आणि घेणारा वैतागतो. जुन्या कॅलेंडरची जाड पानं यासाठी झकास, फक्त तारखा आत जातील असं दुमडायचं.

किंमत लावताना कागदाचीच धरू नका, एका पाकिटाला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा, मगच आकडा सांगा, नाहीतर ओळखीपाळखीत दहाला दोन म्हणून वाटत बसाल. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तिच्या आत दहा-दहाचे गठ्ठे तयार पाहिजेत, म्हणजे मैत्रिणीला आत्ताच कामाला लागायला सांगा.